गिरजामावशी आणि तीन वाजताचा खेळ

“मर नं बे एकदाचा! कवाची वाट पाहून राह्यली मी तुही.”

मी दारातच थांबले. हातात आईची अंजिरी साडी होती, फॉल लावायला आणलेली. आत कुणीतरी बाई कुणाच्या तरी मरणाची वाट पाहत होती, आणि तीही दुःखाने नाही, तर दूध तापायला वेळ लागल्यावर येतो तसल्या वैतागाने. मी दोन पावलं मागे सरकले. तेवढ्यात आतून टुंग असा आवाज आला आणि तीच बाई खुशीत म्हणाली, “गेला! ये वं, आत ये. चपला बाहीर काढ.”

आत स्वच्छ उजेड होता. शिलाई मशीनपुढच्या स्टुलावर पंचावन्न-साठीची एक बाई लुगड्याचा पदर कमरेला खोचून बसली होती. कपाळावर हिरवं गोंदण, दातांत पांढरा दोरा आणि दोन्ही हातांत व्हिडिओ गेमचा रिमोट. समोरच्या टीव्हीवर एक लाल राक्षस तुकडे तुकडे होऊन नाहीसा होत होता.

“फॉल का पिको?” पडद्यावरची नजर न हलवता बाईंनी विचारलं.

मी साडी पुढे केली.

“बोलत नाईस का? हाव का नाई, थे तरी सांग.”

“फॉल,” मी म्हणाले. गिरजामावशींशी माझं पहिलं संभाषण एवढंच झालं, आणि त्यातला माझा वाटा एका शब्दाचा होता. पुढे दोन वर्षं आमचं साधारण याच प्रमाणात चाललं.

जळगाव जामोदला बाजारामागच्या आमच्या गल्लीत आमच्या घरासमोरची खोली आमचीच होती. मी नागपूरला कॉलेजात असताना वडिलांनी ती गिरजामावशींना भाड्याने दिली होती. मावशी मूळच्या सोनाळ्याच्या. लहानपणापासून संत्र्यांच्या बागेत पेट्या भरायचं काम केलेलं. नवरा गेल्यावर त्या इकडे आल्या आणि फॉल-पिकोवर पोट भरू लागल्या. गेमचं मशीन बऱ्हाणपूरच्या भाच्याचं. त्याने हौसेने घेतलं आणि त्याच्या बायकोने आठ दिवसांत “एक तर हे राहील, नाहीतर मी” असं सांगितलं. भाच्याने जरा विचार करून बायको ठेवली, असं मावशी सांगत. “जरा विचार करून” या शब्दांवर त्यांचा फार जोर असे.

शाळा सुटली की गल्लीतली पोरं त्या खोलीत जमत. मावशींचे नियम कडक होते. साबणाने हात धुवायचे. एकाचा एकच डाव. दार उघडं ठेवायचं. आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की जो हरेल त्याने दहा सुया ओवून ठेवायच्या. मावशींना लांबचं लख्ख दिसे, पण सुईचं भोक दिसेनासं झालं होतं. पोरं रोज हरत आणि मावशींच्या उशीवर दुसऱ्या दिवशीच्या सुया दोऱ्यांसकट रांगेने टोचलेल्या असत. आमच्या गल्लीइतकी सुई ओवणारी मुलं अख्ख्या तालुक्यात नसतील. “जितलेलं पोट्टं नुसतं फुगते,” मावशी म्हणत, “हारलेलंच कामाले येते.”

माझं शिक्षण अकोल्याच्या कॉन्व्हेंटमध्ये, मग नागपूरच्या होस्टेलमध्ये झालं. त्यामुळे गल्लीत माझ्याबद्दल दोन मतं होती. एक, मी गर्विष्ठ आहे. दुसरं, मला मराठी येत नाही. दोन्ही खोटी होती, पण ती खोडून काढायची तर बोलावं लागलं असतं. त्यापेक्षा गर्विष्ठ ठरणं सोपं होतं. मी खोलीचं दार लावून पुस्तकं वाचत बसे. घरात माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं आणि पाहुण्यांना माझं गप्प राहणं आवडे. ते त्याला वळण म्हणत.

साडी आणायला गेले त्या दुपारी मावशी दुसराच गेम खेळत होत्या. वरून वेगवेगळ्या आकाराच्या विटा पडत होत्या आणि खाली त्या नीट बसवायच्या होत्या. ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होई. मी दारात उभी राहून बघत होते. एक आडवी वीट उजव्या कोपऱ्यातल्या फटीत नेमकी बसली असती. मावशी तिला डावीकडे नेत होत्या. माझं बोट आपोआप उजवीकडे वळलं.

मावशींनी आधी बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी रिमोट माझ्या हातात ठेवला आणि साडीला फॉल लावायला बसल्या. तो अजून लागलेलाच नव्हता. खेळायला बोलावं लागत नाही, हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतर मी रोज दुपारी तीनला समोर जाऊ लागले. मुलं शाळेत असत, बाबा दुकानात, आणि आई टीव्हीवर आदल्या संध्याकाळच्या मालिकेचा तोच भाग पुन्हा बघायला बसे. मी आईला “पिको शिकायला जाते” असं सांगत असे. सहा महिन्यांत मी एकाही साडीला पिको केलं नाही. विटा मात्र मला मावशींनी शिकवल्या, आणि मावशी त्या संत्र्यांकडून शिकल्या होत्या.

“पेटी भरतानी संत्र्याकडं पाहू नाई,” त्या म्हणत. “खड्ड्याकडं पाहावं. संत्रं त येनारच हाय, थे कुठी जाते? खड्डा कसा राह्यला थे पाह्य.” मी घाईने वीट आदळली की मशीनचं पायडल थांबवून त्या म्हणत, “आगं माय! कोन मांगं लागलं हाय तुह्या? पेटी मुंबईले जानार हाय, तुले नाई जा लागत.” मी ओळी इंग्रजीत मोजत असे. एकदा “फिफ्टी नाइन” म्हणाले तेव्हा त्यांनी मान वर करून विचारलं, “मंजे किती?” मला एकोणसाठ हा शब्द आठवेना. “साठाला एक कमी,” मी म्हणाले. मावशी इतक्या हसल्या की दोरा दातांतून निसटून सुईतून निघाला, आणि त्या दिवशी न हरताच मला दहा सुया ओवाव्या लागल्या.

त्या काळात आमची सगळी गल्ली एक मालिका बघत असे. मोठा बंगला, त्यात चार भाऊ, आणि धाकटा मुलगा व्हिडिओ गेमच्या नादी लागलेला. मावशींनाही ती मालिका फार आवडे. ती बघताना त्यांना जेवढा राग येई तेवढा दुसऱ्या कशानेच येत नसे.

“पाह्य, पाह्य! अंधारात खेळून राह्यला. काऊन बे? बंगल्यात लाईट नाई का?” धाकटा मुलगा नेहमी अंधारात खेळे. त्याच्या चष्म्यावर हिरवा उजेड पडे. आई दारात जेवणाचं ताट घेऊन रडत असे आणि तो वळूनही बघत नसे. “ताट येऊन उभं हाय अन हा पाह्यत नाई! माह्याकडचे पोट्टे वास आला की रिमोट फेकतात.” तो एकटाच खेळे, हेही मावशींना पटत नसे. “याच्या बाजूले कोनीच कसं बसलं नाई? ‘आता मले दे’ म्हननारं एक बी पोट्टं नाई? असा गेम असते का कुठी?” आणि जिंकल्यावर तो मान मागे टाकून खदाखदा हसे. तसं हसून दाखवण्याची गल्लीतल्या सगळ्या मुलांनी एकदा मावशींसमोर स्पर्धा केली. कुणालाच जमलं नाही. मावशींनी सगळ्यांना हरलेलं ठरवून सुया ओवायला बसवलं.

पण खरा राग आला तो रिमोटमुळे. धाकटा मुलगा रिमोट उलटा धरत होता. वायर पुढे जायच्याऐवजी त्याच्या पोटाकडे जात होती.

“शुभे, पत्र लिही,” मावशी म्हणाल्या. “तुहं अक्षर चांगलं हाय. पोस्टकार्ड नको, आंतर्देशीय घे. पोस्टकार्डात राग मावत नाई.”

त्या सांगू लागल्या. “लिही. तुमचा पोरगा रिमोट उलटा धरते. तुमच्यातल्या एकानं तरी जनमात गेम खेळला हाय का बे? का नुसतं कोनी सांगतलं म्हून दाखोता?”

मी लिहिलं, “माननीय महोदय, आपल्या लोकप्रिय मालिकेतील एका तपशिलाकडे आम्ही नम्रपणे लक्ष वेधू इच्छितो.” आणि वाचून दाखवलं.

मावशींनी कागद उलटून मागची बाजू पाहिली. मग म्हणाल्या, “यातला ‘बे’ कुठी गेला?”

“तो काढला. बरं दिसत नाही.”

“मिरची काढून ठेचा पाठोते का वं मुंबईले?”

शेवटी तडजोड झाली. पत्र माझ्या भाषेत राहिलं आणि खाली एक ओळ त्यांच्या भाषेत, त्यांनी सांगितली तश्शी: “पोरगा कधी मधी हारलेला दाखवत जा. हारनारा मानूस इतका वाईट नसते.”

उत्तर आलं नाही. पण महिन्याभराने धाकट्याने रिमोट सरळ धरला. पत्र कुणी वाचलं, की त्यांच्यापैकी कुणाच्या घरच्या मुलाने सांगितलं, देव जाणे. मावशींनी मात्र माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि दोन दिवस गल्लीतून अशा चालल्या, जणू मुंबईला त्यांचं माहेर आहे.

एवढं झालं तरी मुलगा काही सुधारला नाही. रिमोट सरळ धरून तो आणखी बिघडत गेला.

याच सुमाराला मला एक गोष्ट कळली आणि माझी झोप उडाली. संध्याकाळी ओट्यावर आई आणि शेजारच्या लताकाकू मेथी निवडत बसल्या होत्या. मी आत खिडकीशी होते.

“आज त्यानं काय खेळलं वं!” लताकाकू म्हणाल्या. “मले वाटलं, आता गेलं, वरपर्यंत भरलं.”

“तो लांब दांडा येईपर्यंत थांबला, पाहिलंस?” आई म्हणाली. आईचं माहेर बुलढाण्याचं, शिक्षकांचं. ती निवडून बोलते. “दुसरा असता तर घाईने काहीतरी कोंबलं असतं. हा थांबला. आणि दांडा आल्यावर चार ओळी एका झटक्यात साफ.”

माझ्या हातातलं पुस्तक खाली पडलं. त्या दुपारी तीन वाजता लांब दांड्याची वाट बघत थांबलेली मी होते.

मी तशीच समोर गेले. आयुष्यात पहिल्यांदाच मावशींशी मी आधी बोलले.

“आमचा गेम त्यांच्या टीव्हीवर दिसतो?”

“हाव,” मावशी म्हणाल्या. बटणाला दोरा गुंडाळणं चालूच.

“कसा?”

त्यांनी टीव्हीमागे हात घालून केबलची वायर दाखवली. आमच्या पाच घरांना केबलवाल्याने एकाच वायरीतून जोड दिली होती. मराठी वाहिनी ज्या नंबरावर लागे, गेमही त्याच नंबरावर लागे. मुलं खेळत तेव्हा मावशी केबलची वायर उपटून ठेवत. दुपारी उपटत नसत. दोन तोंडाच्या एका पिनेत केबलची आणि गेमची अशा दोन्ही वायरी तशाच राहू देत, आणि गेम केबलच्या वायरीतून उलटा बाकीच्या घरांत जाई. “उपटली त माह्यापुरता,” त्या म्हणाल्या, “नाई उपटली त गल्लीले.”

सुरुवातीला बायकांनी केबलवाल्याकडे तक्रार केली होती. तो खांबावर चढला, उतरला आणि म्हणाला, “काकू, हे वरूनच असं येऊन राह्यलं.” आमच्याकडे वरून आलेल्या गोष्टीची फार तक्रार करत नाहीत. मालिका काय, संध्याकाळी बघितलेलीच असे. बायका विटा बघू लागल्या. हा कुठल्यातरी लांबच्या देशातला कार्यक्रम आहे आणि कुणी मुलगा तो खेळतो, असं त्यांनी ठरवूनही टाकलं. मुलांचे मारामारीचे गेम त्यांना माहीत होते, पण विटांची कॅसेट मुलं कधी लावत नसत, त्यामुळे समोरच्या खोलीशी तिचा संबंध कुणी जोडला नाही.

“आणि तुम्हाला हे किती दिवस माहीत होतं?” मी विचारलं.

“होळीपासून.”

“सहा महिने! का पण?”

मावशींनी दोरा तोडला. “त्यायची शिरेल रोज दुपारी मले माह्या घरात ऐकू येत होती. म्हटलं, माह्या घरातलं बी त्यायनं कधी पाहावं.” मग हळू आवाजात म्हणाल्या, “अन तू कोनाशी बोलत नाईस. नाई त नाई. म्हटलं, दिसू त दे.”

मी रागावून घरी आले. दुसऱ्या दिवशी तीनला गेले नाही. संध्याकाळी आई लताकाकूंना म्हणत होती, “आज तो आलाच नाही गं. बरं असेल ना त्याला?” त्यापुढच्या दिवशी मी पुन्हा गेले.

मावशींना मृत्यूची भीती कधी वाटली असेल असं मला वाटत नाही. बऱ्याच वर्षांनी, मी पुण्यात असताना, त्या दवाखान्यात होत्या. भाचा सांगत होता, शेवटच्या दिवशी उशाशी ठेवलेल्या मशीनवर हिरवे आकडे वरखाली होत होते. मावशींनी डोळे उघडून ते पाहिले आणि नर्सबाईंना विचारलं, “किती झाला स्कोर?” नर्सबाईंनी आकडा सांगितला. “कमी हाय,” मावशी म्हणाल्या आणि कूस बदलली. हे सांगताना भाचा रडत होता आणि मी फोनवर तोंडाला रुमाल लावून हसत होते. मग मीही रडले. पण त्यांची आठवण म्हटली की मला दवाखाना आठवत नाही. आमच्या ओसरीवरचा तो गुरुवार आठवतो.

त्या आठवड्यात मालिकेतल्या धाकट्याने आजीला जिन्यावरून ढकललं होतं. गेमच्या पायी. मग एका डॉक्टरने पडद्यावर येऊन आईबापांना तीन खुणा सांगितल्या: मूल गप्प गप्प राहतं, डोळे लाल होतात आणि दार लावून बसतं. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक आईने आपापली मुलं उजेडात नेऊन तपासली. गप्प असं एकही मूल निघालं नाही. डोळे धुळीने सगळ्यांचेच लाल होते. दार लावून बसण्याचा तर प्रश्नच नव्हता, कारण मुलांनी आपटून आपटून गल्लीतल्या एकाही दाराची कडी धड ठेवली नव्हती. साऱ्या गल्लीत तिन्ही खुणा एकाच माणसाला लागू होत होत्या आणि ते माणूस आईच्या शेजारी बसून शेंगा सोलत होतं. “देवाची कृपा,” आई म्हणाली, “आपल्या घरात असलं काही नाही. मुलगी आहे ती एक बरं.”

खुणा सापडल्या नाहीत, पण त्याने भीती गेली नाही, उलट वाढली. सापडत नाही म्हणजे रोग आत आहे, असं लताकाकूंचं मत पडलं. गुरुवारी भजन संपल्यावर आठ-दहा बायका आमच्या ओसरीवरच थांबल्या आणि मावशींना बोलावणं गेलं. मावशी अर्धा फॉल लावलेली साडी हातात घेऊनच आल्या आणि खांबाला टेकून बसल्या. मला आईने चहा करायला सांगितलं. स्वयंपाकघराच्या दारातून मला सगळं दिसत होतं.

“मावशी, राग नका धरू,” लताकाकूंनी सुरुवात केली. “पन थे मशीन इथून काढा. शिरेलीत पाह्यलं नं, पोराची काय गत झाली?”

“पाह्यलं. तुह्या पोराची काय गत झाली?”

“अजून त काई झाली नाई.”

“मंग कवा होनार हाय? तारीख निघाली का?”

एक-दोन जणी पदरात तोंड लपवून हसल्या. आई हसली नाही.

“मावशी, थट्टेवारी नेऊ नका,” आई म्हणाली. “खोली आमची आहे. उद्या कुणाच्या मुलाने काही केलं तर बोल आमच्यावर येईल. मशीन भाच्याकडे पाठवून द्या. नसेल पाठवायचं तर दिवाळीपर्यंत दुसरी खोली बघा.”

मावशींची सुई थांबली. इतका वेळ ओसरीवर जी गंमत चालली होती ती तिथेच संपली. मला वाटलं, त्या काहीतरी तिखट बोलतील. पण त्या साध्या आवाजात म्हणाल्या, “वहिनी, मशीन गेलं त पोट्टे येनार नाईत. पोट्टे नाई आले त माह्या सुया कोन ओवीन? मले भोक दिसत नाई आता. सुया गेल्या त काम गेलं. मंग खोली ठेवून बी मी काय करू? बऱ्हानपूरले भाच्याच्या चुलीमागं बसा लागीन.”

सुयांचं कुणाला माहीतच नव्हतं. आईचा चेहरा जरा हलला, पण एकदा चारचौघींत बोललेला शब्द आई सहसा मागे घेत नाही. “मुलांच्या भल्याचा प्रश्न आहे, मावशी,” ती म्हणाली.

“बरं,” मावशी म्हणाल्या. साडीचा काठ त्यांनी गुडघ्यावर सरळ केला. त्यांच्या डोळ्यांत परत ती नेहमीची चमक आलेली मी पाहिली. “पन मले एक सांगा. गेम इतका वाईट, त दुपारी तीन वाजता तुमच्या टीव्हीवर थे काय येते? थो बी त गेमच हाय.”

सगळ्या एकदम बोलू लागल्या. तो गेम कसा? तो कार्यक्रम आहे. त्यात मारामारी कुठे आहे? तो मुलगा तसा नाही.

“थो पोरगा शिकेल-सवरेल घरचा हाय,” लताकाकू ठासून म्हणाल्या. “त्याच्या हातावरून समजते.”

“हात कुठी दिसतात वं त्याचे?” मावशींनी विचारलं.

“दिसत नाईत. पन समजते!”

“चष्मा असंन त्याले?”

“चष्मा कायले असंन? चांगला निरोगी हाय.”

“अंधारात खेळत असंन.”

“छे!” या वेळी आई बोलली. ती पुढे सरकून बसली होती. “त्या मालिकेतला मुलगा कुठे आणि हा कुठे! उतावीळपणा नाही, आदळआपट नाही. मला तर त्याचं खेळणं म्हणजे घर आवरल्यासारखं वाटतं. प्रत्येक वस्तूची जागा त्याला ठाऊक. हरला तर चिडून बंद करत नाही, पुन्हा पहिल्यापासून मांडतो. असा धीर आजकाल कुणात आहे?” मग माझ्याकडे बघत, चहाचा ट्रे घेऊन मी बाहेर आलेच होते, ती म्हणाली, “खरं सांगू का? इतकी स्थळं पाहिली, एकही मनात भरलं नाही. आमच्या शुभाला अगदी असाच मुलगा पाहिजे.”

“हाव!” लताकाकू म्हणाल्या. “जोडा शोभीन.”

सगळ्या बायका माझ्याकडे बघून कौतुकाने हसल्या. मी सवयीप्रमाणे खाली मान घातली. हेच माझं वळण होतं.

मावशींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी दोऱ्याचं टोक ओलं केलं, सुई डोळ्यांजवळ धरली आणि ओवायला लागल्या. पहिल्यांदा दोरा बाजूने गेला. दुसऱ्यांदाही बाजूने गेला. एक नाव सांगितलं असतं तर त्यांची खोली वाचली असती, मशीन वाचलं असतं, आणि ते नाव सांगायला त्यांना भीती वाटण्यासारखं काही नव्हतं. त्या तिसऱ्यांदा दोरा ओला करू लागल्या.

मी ट्रे खाली ठेवला. कप वाजले, म्हणून सगळ्या गप्प झाल्या. मला माझाच आवाज अनोळखी वाटला, पण तो बाहेर आला, आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल इतका मोठा आला.

“आई, त्या मुलाशी माझं लग्न होऊ शकत नाही. तो मुलगा मीच आहे.”